वसतिगृहासमोर लॉन नको, सावली हवी

नवीन वसतिगृहाचा आराखडा आला की इमारतीसमोर हिरवंगार लॉन हमखास असतं. कडेने बॉटल पामची रांग, मधे कारंजं. संस्थेच्या बैठकीत ते चित्र सगळ्यांना आवडतं. मुली राहायला येतात तेव्हा तिथे पाटी लागलेली असते, 'हिरवळीवर चालू नये'. मी वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि बरीच वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टरही होते. हे आवार नेमकं कोणासाठी करतो आपण, याचा मला मनापासून राग येतो.

मुलींच्या वसतिगृहाचं फाटक संध्याकाळी बंद होतं. (ते तसं असावं का, हा वेगळा वाद आहे आणि त्यात मी मुलींच्या बाजूची आहे.) त्यानंतर त्यांच्या वाट्याला मोकळं आकाश उरतं ते या आवारापुरतंच. तिथे झाडाखाली पार हवा, गटाने अभ्यासाला बसता येईल अशी सावली हवी, घरी फोन करताना एकटीला फेऱ्या मारता येतील अशी मातीची वाट हवी. यातलं काहीच लॉन देत नाही.

आणि ते पाणी किती पितं! पुण्याच्या उन्हाळ्यात दर चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर धरा. अर्धा एकर लॉन म्हणजे रोजचा जवळजवळ एक टँकर. आत मुली बादल्या घेऊन नळापाशी उभ्या आणि बाहेर स्प्रिंकलर चालू, हे मी पाहिलेलं आहे.

पाणी आपल्याकडे नाही असंही नाही. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस मीटरच्या गच्चीवर पडलेल्यातलं 80 टक्के धरलं तरी साडेपाच लाख लिटर होतात. सगळं जमिनीत मुरेलच असं नाही, खाली काळा पाषाण आहे. मुरूम लागेल तिथे शोषखड्डा घ्यावा, बाकीचं टाकीत साठवावं. शिवाय माणशी रोज 135 लिटर पाणी धरायचा जो हिशेब आहे, त्यात 55 लिटर नुसते अंघोळीचे. तीनशे मुलींचे साडेसोळा हजार लिटर रोज गटारात जातात. परसदारी न्हाणीच्या पाण्यावर कर्दळ, अळू आणि केळ वाढवणारी माणसं आपण. खडी-वाळूच्या वाफ्यात कर्दळ लावून त्यातून हे पाणी काढलं की झाडांना बिनधास्त देता येतं.

यात एक मेख आहे, जी आराखड्यात कोणी धरत नाही. मे महिन्यात वसतिगृह रिकामं होतं. अंघोळीचं पाणी थांबतं, तेही झाडांना सर्वांत जास्त गरज असताना. म्हणून मे महिना कोरडा काढणारीच झाडं लावायला हवीत. कडुनिंब, करंज, बहावा. बहावा तर ऐन कडाक्याच्या उन्हात पिवळाधमक होतो. पाण्याच्या वाफ्यालगत आपलं राज्यफूल ताम्हण लावा. सप्तपर्णी मात्र खोल्यांच्या खिडक्यांखाली नको, ऑक्टोबरमध्ये तिच्या उग्र वासाने मुलींची डोकी दुखतात.

झाडं लावून खोडापर्यंत पेव्हिंग ब्लॉक ठोकायचे हा तर सरळ सरळ गळा आवळणं आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी करायला सांगितली होती. आपल्या आवारात त्यासाठी आदेशाची वाट कशाला पाहायची? पानगळही जाळू नका, तीच आळ्यात पसरा. ओल टिकते, माती सुधारते.

जूनमध्ये रोपं लावताना फोटो सगळेच काढतात. रोप जगतं की मरतं ते पुढच्या दोन-तीन उन्हाळ्यांत ठरतं. कंत्राटावरचा माणूस सारखा बदलतो, कुठलं रोप कुठे आहे हेही त्याला माहीत नसतं. संस्थाचालकांना माझं सांगणं एवढंच आहे, की कारंज्याचा खर्च काढून टाका आणि त्या पैशांत पहिली तीन वर्षं एकच माळी कायम ठेवा.