‘अर्धवट माहिती’ या प्रतिक्रियेला उत्तर: तुर्की माणूस आणि जर्मनीतला कामाचा परवाना

नमस्कार,

‘ताई, अर्धवट माहितीवर लेख पाडलाय’ हे तुमचं वाक्य आधी झोंबलं. मग जुना लेख उघडून बघितला, तर एका जागी तुमचं बरोबर निघालं. मी लिहिलं होतं, ‘जर्मनीत चार वर्षं काढली की तुर्की माणूस कुठेही नोकरी करू शकतो.’ नुसती काढून भागत नाही. ती कायदेशीर नोकरीची चार वर्षं असावी लागतात. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न: करार आहे, तर तुर्कस्तानातल्या इझमीरच्या तुमच्या सहकाऱ्याला जर्मनीचा व्हिसा का नाकारला? कारण तुर्कस्तान आणि तेव्हाचा युरोपीय आर्थिक समुदाय (आजचा युरोपीय संघ) यांच्यातला 1963 चा अंकारा करार दार उघडत नाही. कोणाला आत घ्यायचं ते ज्या त्या देशानेच ठरवायचं असतं. नोकरीचं पत्र, पदवीची मान्यता, पगाराची अट, हे सगळं पहिल्या परवान्यासाठी त्यालाही आपल्यासारखंच जमवावं लागतं. फरक पडतो तो आत आल्यावर.

तो फरक या कराराखालच्या संयुक्त मंडळाने 1980 मध्ये घेतलेल्या निर्णय क्रमांक 1/80 मधल्या सहाव्या कलमात आहे. एकाच मालकाकडे एक वर्ष झालं आणि तिथे काम शिल्लक असेल, तर परवाना वाढवून मिळणं हा हक्क होतो. तीन वर्षांनी त्याच व्यवसायात दुसरा मालक धरता येतो, चार वर्षांनी कुठलीही नोकरी.

यातल्या ‘एकाच मालकाकडे’ने आमच्या वरच्या मजल्यावरच्या तुर्की वेल्डरला चांगलंच रडवलं. दहाव्या महिन्यात ताशी दीड युरो जास्त मिळतात म्हणून गड्याने कारखाना बदलला. बदलाला परवानगी मिळाली होती, बेकायदा काहीच नव्हतं. पण वर्षाची मोजणी पहिले पाढे पंचावन्न! त्यानंतर त्याने नव्या नोकरीची तारीख फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवली आणि पगाराच्या पावत्या बिस्किटांच्या डब्यात, महिन्यावार. मला डबा उघडून दाखवला तेव्हा त्यात अकरा पावत्या होत्या. बारावीसाठी तो थांबला होता.

‘कायदेशीर’ या शब्दाचीही अशीच गंमत आहे. नेदरलँड्समध्ये सेव्हिन्जे नावाच्या तुर्की कामगाराला 1980 मध्ये परवाना वाढवून द्यायला नकार मिळाला. त्याने अपील केलं, ते 1986 पर्यंत चाललं आणि तोवर तो कामही करत राहिला. ही वर्षं धरा, असं त्याचं म्हणणं. युरोपीय न्यायालयाने 1990 मध्ये सांगितलं की निकाल टांगणीला असताना केलेली नोकरी यात धरता येणार नाही. मात्र त्याच निकालात हेही ठरलं की सहाव्या कलमाचा हक्क कामगाराला थेट न्यायालयात मागता येतो. स्वतः हरला, पण मागून आलेल्यांची सोय करून गेला बिचारा.

‘मग भारतीयांवर हा अन्याय नाही का?’ तुमचा राग समजतो, मीही परदेशी नागरिकांच्या कार्यालयाबाहेर थंडीत उभी राहिले आहे. पण यामागे इतिहास आहे. 30 ऑक्टोबर 1961 ला पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. इस्तंबूलमध्ये जर्मन डॉक्टर माणसं तपासायचे, मग आगगाडीने म्युनिकच्या फलाट क्रमांक 11 वर. दोन वर्षं राबवून परत पाठवायचं असा मूळ बेत होता. तो मालकांनाच परवडेना, रोज नवा माणूस कोण शिकवणार? 1964 मध्ये ती अट गेली. अंकारा करारात तर तुर्कस्तानला पुढेमागे सभासद करून घेण्याची भाषा होती. सभासदत्व राहिलं बाजूला, हे हक्क तेवढे उरले. आपला जर्मनीशी 2022 मध्ये स्थलांतराचा करार झाला, पण त्यात या तोडीचं काही नाही.

‘त्यांना तर अख्खा युरोप मोकळा’ हे मात्र साफ चूक. जर्मनीत मिळवलेला हक्क जर्मनीतच चालतो. तो घेऊन ॲमस्टरडॅमला गेलात तर पुन्हा एकपासून.

तुमच्या सहकाऱ्याला नकारपत्रातलं कारण आधी नीट वाचायला सांगा. जर्मन वकिलातीकडेच फेरविचाराचा अर्ज करायची सोय जुलै 2025 पासून बंद झाली आहे. आता एक तर कमी पडलेला कागद जोडून नवा अर्ज, नाही तर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा, आणि त्याला साधारण महिन्याचीच मुदत असते. पत्र हातात पडल्याची तारीख त्याने लिहून ठेवली आहे ना?