गंज आणि झीज वेगवेगळं बघा
लेखात लेसर हार्डनिंगनं, म्हणजे लेसरनं वरचा थर तापवून कडक केल्यानं, स्टीलची झीज पण थांबते आणि गंज पण, असं सरसकट लिहिलंय, ते पटलं नाही. मी कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉपला आहे, साखर कारखान्यांचे शाफ्ट, पंपाच्या स्लीव्ह आमच्याकडं येतात. ईएन ८ सारख्या ०.४ टक्के कार्बनच्या स्टीलवर लेसर फिरवला की वरचा मिलिमीटरभर थर ९०० डिग्रीच्या वर जातो आणि आतलं थंड लोखंडच ती उष्णता खेचून घेतं, पाणी नको तेल नको, मार्टेन्साइट, म्हणजे स्टीलचं एकदम कडक रूप, तयार होऊन ५५ एचआरसीच्या (रॉकवेल मापाच्या) आसपास हार्डनेस मिळतो आणि जॉब फारसा वाकत पण नाही, हे खरंच भारी आहे. पण त्या स्टीलमध्ये गंज रोखणारं क्रोमियमच नाही तर गंज थांबणार कसा? उसाचा रस आंबट, पीएच ५ च्या आसपास, त्यात माती घासते, तिथं लेसर क्लॅडिंगच पाहिजे, म्हणजे स्टेनलेस नाहीतर निकेलची पावडर वितळवून वर थर चढवायचा. महाग पडतं, मान्य. पण असा पार्ट खराब होऊन ऐन सीझनमध्ये मिल बंद पडली की यार्डात उभ्या गाड्यांतला ऊस वाळतो आणि वजन शेतकऱ्याचं घटतं, तो हिशोब कोटेशन बघताना कुणीच धरत नाही.