तिथीची पाऊणपट

आमच्या अलिबागकर मित्राबरोबर फ्रान्सला निघण्यापूर्वी वहिनींनी, म्हणजे त्याच्या पत्नीने, मला दोनदा विचारले होते, “भाऊजी, नक्की जाताय ना?” या प्रश्नातल्या ‘नक्की’चा संबंध मी विमानाच्या तारखेशी जोडला. त्या स्वतः का येत नाहीत, हे विचारावे असे मला तेव्हा सुचले नाही.

लोक फ्रान्सला काय काय पाहायला जातात. हा सद्गृहस्थ चालला होता तो राँस नदीच्या मुखावरचे वीजकेंद्र पाहायला. जन्मभर विजेचा अभियंता म्हणून नोकरी केल्यावर निवृत्तीनंतर असली ओढ लागते म्हणे. समुद्राच्या भरती-ओहोटीवर चालणारे हे केंद्र १९६६ साली सुरू झाले, त्यात चोवीस जनित्रे आहेत आणि त्याची क्षमता २४० मेगावॅट आहे, ही माहिती मला पुण्याहून मुंबईच्या विमानतळावर जाताना खोपोलीपर्यंत एकदा आणि पनवेलपर्यंत दुसऱ्यांदा मिळाली. पॅरिसमध्ये आयफेल मनोऱ्याखाली उभे राहून त्याने मान वर केली, “रिव्हेट बरे बसवलेत” असा शेरा मारला आणि त्या केंद्राजवळच्या सँ-मालो या गावाची गाडी कुठून सुटते याची चौकशी सुरू केली.

ती गाडी माँपार्नास स्थानकावरून सुटली आणि आम्ही तिच्या चुकीच्या अर्ध्या भागात बसलो. फ्रान्समध्ये दोन अखंड गाड्या नाकाला नाक लावून जोडतात, त्या ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगाने एकत्र धावतात आणि वाटेत एखाद्या स्थानकावर वेगळ्या होऊन आपापल्या वाटेने निघून जातात. दारे गाडी सुटण्याच्या दोन मिनिटे आधीच बंद होतात, हे आम्हाला ठाऊक होते, म्हणून मी डब्याचा क्रमांक शोधत फलाटावर धावत असताना मित्राने मला दंडाला धरून समोरच्या दारातून आत ओढले आणि सांगितले, “गाडी एकच आहे रे. आतून चालत जाऊ.” गाडी एक नव्हती, आणि दोन गाड्यांच्या मधून आतून जायला वाटही नव्हती. तिकीट तपासनिसाने आमची तिकिटे पाहिली, आमच्याकडे पाहिले आणि बोटाने आधी आमच्या पायाखालच्या जमिनीकडे दाखवून ‘ब्रेस्त’ आणि मग मागच्या दिशेला दाखवून ‘सँ-मालो’ असे सावकाश उच्चारले. रेन स्थानकावर गाडी फुटण्याआधी आम्ही दोघे साठीचे गृहस्थ चाके असलेल्या बॅगा ओढत फलाटावरून जे धावलो, ते पाहून एका लहान मुलीने आम्हाला टाळ्या वाजवून प्रोत्साहन दिले.

सँ-मालोला पोहोचून खोलीत सामान टाकेपर्यंत दोन वाजून दहा मिनिटे झाली होती. या प्रदेशात ‘काळा गहू’ म्हणवल्या जाणाऱ्या तिकोनी दाण्याच्या, म्हणजे आपल्या कुट्टूच्या, पिठाचे पातळ घावन करतात, त्याला गालेत म्हणतात, आणि मित्राला ते खायचे होते. पण दोन छोट्या उपाहारगृहांत आम्हाला स्वयंपाकघर बंद झाल्याचे अत्यंत नम्रपणे सांगण्यात आले. दुपारी माणसाने जेवावे किंवा झोपावे, गिऱ्हाईक करू नये, हे तत्त्व पुण्याबाहेरही कोणी पाळते हे पाहून मला रागाऐवजी आपुलकीच वाटली. पुढे दोनच गल्ल्यांवर दिवसभर गालेत देणारे दुकान होते, हे दुसऱ्या दिवशी कळले. शेवटी आम्ही पावाच्या दुकानात शिरलो. मित्राने शिरताशिरताच पावाकडे बोट दाखवले. काउंटरमागच्या बाईंनी हात जागेवरच ठेवून ‘बाँझूर’ म्हटले आणि त्या थांबल्या. मित्राने पुन्हा बोट दाखवले. बाईंनी पुन्हा ‘बाँझूर’ म्हटले. आधी नमस्कार, मग व्यवहार, हा त्या देशाचा अलिखित कायदा मी त्याच्या कानात सांगितल्यावर त्याने इतक्या मोठ्याने बाँझूर केले, की रांगेतल्या सगळ्यांनी वळून प्रतिनमस्कार केला. एवढ्यावर आम्हाला एक लांब पाव आणि लोण्या-साखरेत बुडवलेला एक केक मिळाला. पुढे जे घडले त्यात या दोन वस्तूंचा वाटा मोठा आहे.

सँ-मालोच्या तटाबाहेर, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, ग्राँ-बे नावाचे खडकाळ बेट आहे. ओहोटीला तिथपर्यंत दगडी वाट उघडी पडते; भरतीला ती बुडते. तटावरून हे दृश्य पाहताच मित्राचे डोळे भरून आले. कुलाब्याचा किल्ला त्याच्या घराच्या ओसरीवरून दिसतो आणि ओहोटीला तो तिथे चालत जातच लहानाचा मोठा झालेला आहे. वाटेत स्युरकूफ या तिथल्या प्रसिद्ध दर्यावर्दीचा पुतळा लागला. या माणसाने १८०० साली बंगालच्या उपसागरात ईस्ट इंडिया कंपनीचे ‘केंट’ हे जहाज पकडले होते. कान्होजी आंग्र्यांनाही इंग्रज चाचाच म्हणत, तेव्हा हा आपल्यातलाच, असे ठरवून मित्राने पुतळ्याला रामराम केला आणि परक्या मुलखात आलो आहोत याचे त्याला जे काही थोडे भान उरले होते, तेही तिथेच संपले.

मी पुण्याचा. समुद्राशी माझा संबंध पापलेट स्वच्छ करून आणण्यापुरता. तरीही मी वाळूवर उतरताना विचारले, की भरतीची वेळ कुठे तरी लिहिलेली असेल, ती पाहून घेऊ या का? यावर मित्र थांबला आणि त्याने माझ्याकडे कणवेने पाहिले.

“आज गुरुपौर्णिमा. तिथी किती? पंधरा. पंधराची पाऊणपट किती? सव्वाअकरा. म्हणजे भरती सव्वाअकराला. त्यात सहा तास मिळव. सव्वापाचला पुरती सुकती. आत्ता पावणेपाच झालेत. पाणी अजून बाहेरच चाललंय.”

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे सूत्र कोकणच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे आणि ते तिथे व्यवहारापुरते बरोबर येते. फक्त चंद्र एकच असला तरी भरतीची लाट प्रत्येक बंदराला आपल्या सवडीने पोहोचते, आणि अलिबागचे सव्वाअकरा हे सँ-मालोचे सव्वाअकरा नसतात, ही गोष्ट त्या क्षणी त्या वाळूवर कोणालाही माहीत नव्हती. म्हणजे इतर सगळ्यांना होती. बेटावरून लोक परत येत होते आणि जाणारे आम्ही दोघेच होतो. “गर्दी ओसरली, बरं झालं,” मित्र म्हणाला.

ग्राँ-बेच्या टोकावर शातोब्रियाँ या फ्रेंच साहित्यिकाची समाधी आहे. १७६८ साली याच गावात जन्मलेला हा लेखक १८४८ साली पॅरिसमध्ये वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला इथे आणून पुरले. दगडी क्रूस, साधी शिळा, नाव कुठेही नाही. आपल्याला इथे फक्त समुद्र आणि वारा ऐकू यावा एवढीच त्याची इच्छा होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याने तिचा मान राखावा, अशी पाटी जवळच लावलेली आहे. मी ती भाषांतर करून मित्राला वाचून दाखवली. त्यानंतर त्या महान लेखकाने, माझ्यासमवेत, पाऊण तास राँसच्या जनित्रांची माहिती ऐकली.

समाधी बेटाच्या समुद्राकडच्या अंगाला आहे. तिथून दगडी वाट दिसत नाही. पावणेसहाला आम्ही उठून या अंगाला आलो, तेव्हा वाट होती तिथे हिरवट पाणी होते. ते खवळलेले नव्हते, लाटाही नव्हत्या. दुधाचे पातेले मंद आचेवर वर यावे तसे ते कसलाही आवाज न करता फुगत होते. समोरच्या पुळणीवर समुद्राच्या पाण्याचा एक पोहण्याचा तलाव आहे आणि त्यात उडी मारण्यासाठी उंच काँक्रीटचा मनोरा आहे. आम्ही आलो तेव्हा त्या तलावाच्या भिंती कोरड्या वाळूत उभ्या होत्या. आता भिंती दिसेनाशा झाल्या होत्या, मनोरा भर समुद्रात उभा होता आणि त्यावरून पोरे किंचाळत उड्या मारत होती. वाटेच्या तोंडाशी एक फलक होता, जो जाताना आम्ही वाचला नव्हता. वाट पाण्याखाली गेली असेल तर ओलांडू नका, बेटावरच थांबा, असे त्यावर लिहिले होते.

मराठीत एखाद्याच्या भोळसटपणावर बोट ठेवायचे असले की “अलिबागहून आलास का?” असे विचारतात. हा वाक्प्रचार बंद व्हावा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिकाही झाली होती आणि २०१९ साली न्यायालयाने ती फेटाळली. म्हणजे हा प्रश्न विचारण्यास कायद्याची हरकत नव्हती. तो माझ्या ओठांवर आला होता. पण ज्या माणसाचे उत्तर ‘हो’ असणार आहे, त्याला तो विचारण्यात काही गंमत नसते.

मित्राने थळच्या काकांना फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. ऐंशी वर्षांच्या काकांनी सगळे ऐकून घेतले आणि खणखणीत आवाजात निर्वाळा दिला, “हिशोब तुझा बरोबर आहे. इथे पाणी चढतंय, अकरा-साडेअकराला भरेल. तिथलं पाणी चुकलंय.” मित्राने फोन ठेवून माझ्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर निर्दोष सुटलेल्या आरोपीचे समाधान होते.

यानंतरचे साडेपाच तास आम्ही शातोब्रियाँच्या शेजारात काढले. पाव संपला, केक संपला. मग मित्राने पाठपिशवीच्या तळातून केळीच्या वाळक्या पानात बांधलेली नागोठण्याची सुकेळी काढली, जी वहिनींनी ‘कुठे अडकलात तर असू द्या’ म्हणून दिली होती. ती खाताना त्याने मला सांगितले, की इंग्लिश खाडीतून आत शिरलेले पाणी कोतांताँच्या द्वीपकल्पाला अडून या कोपऱ्यात चढते आणि त्यामुळे इथे मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतले अंतर तेरा मीटरच्या घरात जाते, अलिबागच्या अडीचपट. आणि पाणी सारख्या वेगाने न चढता मधल्या दोन तासांत सर्वांत झपाट्याने चढते. हे सगळे तुला आधीपासून माहीत होते का, असे मी विचारले. “अर्थात,” तो म्हणाला, “त्याशिवाय इथे वीजकेंद्र कशाला बांधतील?”

बेटावर आम्ही एकटे नव्हतो. वरच्या गवतात एक वृद्ध फ्रेंच जोडपे घडीच्या खुर्च्या मांडून बसले होते. त्यांच्याजवळ वाइनची बाटली, चीज, शाल आणि विजेरी होती. सूर्यास्त निवांत पाहता यावा म्हणून ते मुद्दाम अडकले होते. बाँझूरची वेळ टळून बाँस्वारची आली आहे, एवढा विवेक मित्राने आता दाखवला आणि त्याबद्दल आम्हाला दोन पेले मिळाले. दहाच्या पुढे केव्हा तरी सूर्य बुडाला आणि पाठीमागून, गावाच्या तटावर, आषाढाचा पूर्ण चंद्र वर आला. मित्राने त्याच्याकडे असे पाहिले, जसे आपण पैसे उसने घेऊन फोन न उचलणाऱ्या नातेवाइकाकडे पाहतो.

आजोबांनी खिशातून एक छोटी पुस्तिका काढून मित्राच्या हातात ठेवली. तीत वर्षभराच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापलेल्या होत्या. त्या दिवसाची संध्याकाळची भरती साडेआठची होती. मित्राने माझ्याकडून पेन घेतले, विजेरी तोंडात धरली आणि समासात बराच वेळ काही तरी मांडले. मग विजेरी काढून तो म्हणाला, “सूत्र बरोबर आहे. तिथीची पाऊणपट, अधिक सव्वानऊ.” आजोबांनी मान डोलावली आणि पुस्तिका त्यालाच ठेवून घ्यायला सांगितली.

सव्वाअकराला वाट उघडी पडली. बूट हातात घेऊन, शेवाळावरून पाय सांभाळत, त्या जोडप्याच्या विजेरीमागून आम्ही निघालो. पाणी घोट्यापर्यंत होते आणि फ्रान्सच्या जुलैत असू शकते तेवढे थंड होते.

“उद्या वद्य प्रतिपदा,” मित्र पुढून म्हणाला. “सोळा धर. सोळाची पाऊणपट बारा. अधिक सव्वानऊ. म्हणजे उद्या रात्रीची भरती बरोबर सव्वानऊला.”

वाळूवर पोहोचल्यावर पहिल्या दिव्याखाली मी पुस्तिका उघडून पाहिली. दुसऱ्या दिवशीच्या रकान्यात नऊ वाजून दहा मिनिटे छापली होती. मी ती त्याच्यापुढे धरली. त्याने चश्मा कपाळावर सरकवून आकडा नीट वाचला.

“पाच मिनिटांनी चुकलेत,” तो म्हणाला, आणि वाळूने भरलेले मोजे झटकू लागला.