प्रोटोकॉल बदलून पिक्सेलचा उजेड वाढत नाही

गणपतीच्या तोंडावर नाशिकच्या डेकोरेशनवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘उजेड जास्त हवा तर क्लॉकवाले एपीए १०२ पिक्सेलच घ्या, डब्ल्यूएस २८१२ मंद पडतात.’ हे चुकीचं आहे. पिक्सेल म्हणजे माळेतला रंग बदलणारा एकेक एलईडी दिवा. एपीए १०२ आणि डब्ल्यूएस २८१२ हे त्याचे दोन प्रकार; फरक आहे तो डेटा पाठवायच्या पद्धतीत, म्हणजे प्रोटोकॉलमध्ये: एपीए १०२ला डेटासोबत क्लॉकची वेगळी वायर असते. उजेड ठरतो एलईडीतून जाणाऱ्या करंटवर. माळेचं शेवटचं टोक पिवळट दिसत असेल, तर आधी तिथे मीटर लावून व्होल्टेज बघा. ५ व्होल्टचा एक पिक्सेल पूर्ण पांढऱ्यावर साधारण ६० मिलिअँपिअरपर्यंत खातो, म्हणजे १०० पिक्सेलना ६ अँपिअर. एवढा करंट बारीक वायरीतून एकाच टोकाने दिला की व्होल्टेज पडणारच. मंडळाचे पैसे आधी जाड वायरीवर घाला, आणि मधेमधे सप्लाय जोडा.

प्रोटोकॉल निवडायचा तो वेगळ्या कारणांसाठी. २८१२ला एका पिक्सेलचा डेटा पाठवायला ३० मायक्रोसेकंद लागतात. १००० पिक्सेलच्या लाइनला सेकंदाला जेमतेम ३३ फ्रेम. रविवार कारंज्यावरच्या कमानीला ते पुरेल, नाहीतर दोन लाइनी करा. मोबाइलच्या व्हिडिओत पट्टे नकोत, तर मात्र एपीए १०२ खरंच सरस, कारण त्याचं पीडब्ल्यूएम, म्हणजे उजेड कमीजास्त करायला होणारी एलईडीची उघडझाप, कितीतरी वेगवान आहे. लांब अंतराला डीएमएक्स ५१२ हा स्टेजलाइटचा प्रोटोकॉल भरवशाचा, पण त्याच्या एका युनिव्हर्समध्ये, म्हणजे ५१२ चॅनेलच्या एका लाइनीत, तीन रंगांचे १७०च पिक्सेल बसतात.