खोके उघडले, परीक्षण संपले

सांगलीत विश्रामबागेतल्या दुकानातून आणलेला राउटर लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीवर चालतो, हे त्याच्या एकाही परीक्षणात सापडत नाही. खोक्याचा रंग, अँटेनांची संख्या आणि वेग यांचे मात्र रसभरीत वर्णन असते. आत लॉगिन करून 'यूनेम -आर' ही आवृत्ती विचारणारी कमांड दिली, की अधिकृत देखभाल फेब्रुवारी २०२२ मध्येच थांबलेला ४.४ हा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दात विचकून दाखवतो. सुरक्षेचे अपडेट किती वर्षे येणार, जीपीएल या लिनक्सच्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार ग्राहकाला मागता येणारा सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) कंपनी खरोखर देते का, हे विचारायला या परीक्षकांची जीभ का रेटत नाही? (फुकट आलेल्या नमुन्याला नावे कोण ठेवणार म्हणा!) दुकानदार तरी काय सांगणार; तोही याच परीक्षकांचे व्हिडिओ दाखवून माल खपवतो.