‘ऑल्फ’ नावाचं रसायन नाही

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, निपाणीपासून खानापूरपर्यंत, मराठी शाळेतून दहावी करून पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला गेलेल्या मुलांच्या पालकांत एक मेसेज फिरतोय: रसायनांची लांबलचक इंग्रजी नावं चार-चार अक्षरं तोडून वाचा, स्पेलिंग तसा उच्चार करा, सगळीकडे सारखा जोर द्या; तरीही मराठी माध्यमवाल्यांची जीभ वळणं कठीणच.

चार-चारचा प्रयोग टायट्रेशनच्या, म्हणजे आम्ल-अल्कली मोजण्याच्या प्रयोगातल्या, बाटलीवरच करा. फिनॉल्फथॅलीनची इंग्रजी अक्षरं पंधरा. तुकडे पडतात फेन, ऑल्फ, थॅल, ईन. हा ‘ऑल्फ’ रसायनशास्त्रात कुठेच नाही. खरा सांधा फिनॉलनंतर आहे. पी-एच-टी-एच हा गठ्ठा पुढच्या तुकड्याचा, आणि त्यातलं पी-एच बरेच जण गिळतात: फिनॉल-थॅलीन, जोर ‘थॅ’वर.

नाव शेपटाकडून सोडवावं. डीडीटी या कीटकनाशकाचं पूर्ण नाव इंग्रजीत एकतीस अक्षरी. शेवटी इथेन, त्याआधी ट्रायक्लोरो, त्याआधी डायफेनिल, सुरुवातीला डायक्लोरो. चार तुकडे वेगळे म्हणायचे, मग जोडायचे. मात्र सांधा आणि उच्चाराचा तुकडा दर वेळी जुळत नाहीत. हेक्सेनमध्ये सांधा एक्सनंतर, पण तोंडात येतं हेक्-सेन, कारण एक्स म्हणजेच ‘क्स’.

स्पेलिंगबरहुकूम वाचणं तर धोक्याचं. ई-एन-ई हे शेपूट ‘एन’ असं वाचलंत की इथीनचं इथेन झालं, म्हणजे पदार्थच बदलला. सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट यांतही सगळा फरक शेवटच्या तुकड्यात.

सारखा जोर? सल्फरमध्ये जोर ‘स’वर, सल्फ्युरिकमध्ये ‘फ्यु’वर. फॉस्फरसमध्ये पहिल्या ‘फॉ’वर, फॉस्फॉरिकमध्ये दुसऱ्या. शेवटी ‘इक’ आलं की जोर सहसा त्याच्या आधीच्या तुकड्यावर. आर्सेनिक मात्र हट्टी: मूलद्रव्य असताना जोर ‘आर्’वर, आर्सेनिक ॲसिड म्हणताना ‘से’वर.

राहिली जीभ. घरी मराठी, बाजारात कन्नड बोलणाऱ्या मुलाला जोडाक्षरांचं काय भय! आपलं ‘अक्षर’ मुळात उच्चाराचाच तुकडा. मेसेजवाल्यानं ते एबीसीडीच्या मापानं मोजलं. अडचण असलीच तर एवढीच, की रोजच्या देवनागरीत जोर दाखवायला खूण नाही. वहीत त्या अक्षराखाली रेघ ओढावी.

व्हिडिओत मेथेन आणि ॲलूमिनम, वर्गात मीथेन आणि ॲल्युमिनियम ऐकू आलं तर गोंधळू नये. पहिली जोडी अमेरिकी, दुसरी ब्रिटिश.