ओस्टाडेच्या खेडुतांना निवांत बसू द्या

सतराव्या शतकातल्या डच एचिंगमधल्या, म्हणजे आम्लाने कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रांतल्या, खेडुतांबद्दल लिहिताना ‘मजेशीर’, ‘गमतीदार’ असे शब्द फार सहज वापरले जातात. मला ते खटकतात. आद्रियान व्हान ओस्टाडे या चित्रकाराच्या बाबतीत तर तो अन्यायच आहे.

ओस्टाडे नेदरलँड्समधल्या हार्लेम शहराचा. जन्म १६१०, मृत्यू १६८५, बाप विणकर. तरुणपणी त्यानेही आद्रियान ब्राउवर या समकालीन चित्रकाराच्या वळणाने दारू पिऊन एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे, वेड्यावाकड्या तोंडांचे गावकरी रंगवले. शहरातल्या गिऱ्हाइकाला तेच हवं होतं, कारण खेडवळाला हसलं की आपण आपोआप सभ्य ठरतो. पण १६४० च्या दशकात त्याची नजर हळूहळू निवली, आणि हे मला सगळ्यात स्पष्ट दिसतं ते त्याच्या एचिंगमध्ये. सगळी मिळून पन्नासेकच आहेत ती.

१६४८ मधलं एक चित्र बघा. शेतकरी बाप तान्ह्या बाळाला घेऊन बसलाय आणि चमच्याने भरवतोय. तळहाताएवढं चित्र. त्यात कुणी कुणाला हसत नाही. आडदांड अंगाचा माणूस किती जपून चमचा धरतो, एवढाच त्याचा विषय. असा बाप आजही चित्रांत क्वचित भेटतो.

हे साधलं कसं, तेही बघण्यासारखं आहे. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप द्यायचा, सुईने रेघा ओढून खालचं तांबं उघडं करायचं आणि पत्रा आम्लात सोडायचा. आम्ल जितका वेळ खाईल तितकी रेघ खोल जाते आणि छापात तितकी काळी उमटते. उजेड हवा तिथल्या रेघा लवकर झाकून टाकायच्या, काळोखाच्या जागा पुन्हा आम्लात द्यायच्या. १६४७ च्या ‘कुटुंब’ या चित्रात आढ्याखालचा अंधार असा रेघांवर रेघा चढवून घडवलेला आहे. कुणाची टिंगल करायला इतका वेळ कोण घालवतं? त्याच वर्षी त्याने नुसतं एक धान्याचं कोठार कोरलं, तेही याच निगुतीने.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. या एचिंगमध्ये शेतीचं काम कुठे आहे? नांगर धरलेला किंवा कापणी करणारा माणूस मलाही त्यांत सापडत नाही. म्हणजे शहरी भिंतींसाठी त्याने गरिबी उबदार करून विकली का? विकत घेणारे शहरीच होते हे खरं. ओस्टाडे स्वतःही पुढे सुस्थितीत होता. १६६२ मध्ये तो हार्लेमच्या चित्रकार संघाचा प्रमुख झाला. त्याला शेतकऱ्यांचा कैवारी म्हणण्याचा माझा आग्रह नाही.

पण काम त्याच्याकडे आहेच. सूत कातणारी बाई आहे, मोची आहे, सुऱ्यांना धार लावणारा आहे, दारातून शिंग फुंकून पाव तयार झाल्याची वर्दी देणारा पाववाला आहे. फक्त हे काम गप्पांच्या, शेजाऱ्यांच्या, पोराबाळांच्या मधोमध चालतं, जसं ते गावात खरोखर चालतं. कष्टकरी माणूस चित्रात आला की तो राबत तरी असावा नाहीतर रडत तरी असावा, ही आपली अपेक्षा मला क्रूर वाटते. त्याने निवांत बसून पाइप ओढला, तर चित्र खोटं कसं ठरतं?

शेतकऱ्याचे हाल दाखवणारा म्हणून जाक कालोचं उदाहरण इथे नेहमी दिलं जातं, आणि योग्यच आहे. आज फ्रान्समध्ये असलेल्या लोरेन प्रांतातल्या या कलावंताने १६३३ मध्ये युद्धाच्या हालअपेष्टांवर अठरा चित्रांची मालिका छापली. सैनिक शेतघर लुटतात, एका माणसाला आगीवर उलटा टांगतात. शेवटाकडे शेतकरी सैनिकांना गाठून सूड घेतात. ती पाहून मी हादरतो. तरी तिथे शेतकरी युद्धामुळे चित्रात आलाय, बळी म्हणून किंवा सूड घेणारा म्हणून. ओस्टाडेकडे तो कुठलंही कारण नसताना आहे.

ही चित्रं पाहताना छापाकडे लक्ष द्या. ओस्टाडेच्या मृत्यूनंतरही त्याचे पत्रे पुन्हा पुन्हा छापले गेले. झिजलेल्या पत्र्यावर बारीक रेघा आधी जातात, म्हणजे चेहऱ्यांवरचे भावच आधी जातात, आणि उरतात ती जाड नाकं आणि बोजड टोप्या. ‘मजेशीर’ खेडूत निदान थोडे तरी अशा थकलेल्या छापांतून आले असावेत, असं मला वाटतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्याची एचिंग मोठ्या आकारात फुकट पाहता येतात. सुरुवातीचे छाप शोधा आणि चेहरे मोठे करून बघा.